‘बौद्धिक दिवाळखोरी’ या प्रतिक्रियेच्या निमित्ताने

आदरणीय महोदय,

एकोणिसाव्या शतकातील येल आणि हार्वर्ड या अमेरिकी कॉलेजांमधल्या ग्रीक-लॅटिन अध्यापनावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया शांतपणे वाचली. ‘घोकंपट्टीला संस्कार म्हणणे ही बौद्धिक दिवाळखोरी आहे’, अशी तिची सुरुवात आहे. पुढे हा सगळा श्रीमंतांचा चोचला होता, मी स्त्रियांना वगळले आणि हार्वर्डने हा अभ्यासक्रम स्वतःच मोडीत काढला, असे आपले आक्षेप आहेत. मतभेदाला माझी ना नाही. पण अनोळखी माणसाशी बोलताना पहिल्याच वाक्यात त्याची अक्कल काढण्याची रीत मला ठाऊक नाही.

घोकंपट्टी होती, हे मी कुठे नाकारले? वर्गात शिक्षकाने चिठ्ठी काढायची, ज्याचे नाव निघेल त्याने उभे राहून होमरच्या चार-सहा ओळींचा अन्वय आणि व्याकरण सांगायचे, आणि शिक्षकाने बरे-वाईट काही न बोलता वहीत गुण टिपायचे, हे वर्णन माझ्याच लेखातले आहे. येलच्या १८२८ च्या अहवालाने मनाची शिस्त आणि मनाची सामग्री, म्हणजे साठवलेले ज्ञान, यांत शिस्तीला अधिक मोल दिले, ते याच पद्धतीच्या समर्थनार्थ. विद्यार्थी चिडत, हेही खरे. हार्वर्डमधले १८३४ चे बंड ग्रीकच्या तासावरूनच पेटले आणि दुसऱ्या वर्षाचे जवळजवळ सगळे विद्यार्थी घरी पाठवले गेले.

परंतु येलमधली हीच मुले संध्याकाळी लिनोनिया आणि ब्रदर्स इन युनिटी या आपल्या मंडळांत वादविवाद करीत आणि वर्गणीतून ग्रंथालये उभारीत. कॉलेजात न शिकवले जाणारे नवे साहित्य त्या कपाटांत असे. तासाला पाठ म्हणणारा मुलगा मंडळात स्वतःच्या बुद्धीने बोलत होता. ही बाजू आपण वाचलीच नाही, किंवा वाचून सोयीने विसरलात.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. आजोबांनी रूपावली आणि अमरकोश पाठ करून घेतले, तेव्हा अर्थ कळत नव्हता. पुढे रघुवंश हाती घेतला, तेव्हा विभक्ती शोधत बसावे लागले नाही. आपण कधी एखादी अभिजात भाषा या मार्गाने शिकला आहात का, हे प्रतिक्रियेवरून कळत नाही. अंदाज मात्र येतो.

स्त्रियांबद्दलचा आक्षेप रास्त आहे. १८६५ मध्ये उघडलेल्या व्हासार या स्त्रियांच्या कॉलेजाबद्दल एखादे वाक्य यायला हवे होते. श्रीमंतांच्या चोचल्याविषयी एवढेच सांगतो की विल्यम सँडर्स स्कार्बरो जॉर्जियातील मेकन येथे १८५२ मध्ये गुलामीत जन्मले, ओबर्लिनमधून पदवीधर झाले, आणि त्यांनी लिहिलेले ग्रीकचे पाठ्यपुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना हा चोचला कोणी पुरवला, ते कळवावे.

हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी पुढे सक्ती कमी करून विषय ऐच्छिक केले, हा आपला मुद्दा येथे अप्रस्तुत आहे. सक्तीच्या ग्रीकवर चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांनी १८८३ मध्ये हार्वर्डमध्येच केलेल्या टीकेवर मी पुढे लिहिणार आहे. तेव्हा आपण अवश्य यावे, फक्त आधी लेख शेवटपर्यंत वाचून.