एकच ट्रे

आमच्याकडं सोलापुरात जेवणाचा बेत ठरवताना आधी कॅलेंडर बघतात आणि मग टाकीत डोकावतात. सोमवारी सिद्धरामेश्वर, गुरुवारी अक्कलकोटचे स्वामी, शनिवारी मारुती, मधेच एखादी एकादशी नाहीतर संकष्टी. एवढे वार गाळून जो उरतो, त्या दिवशी नळाला पाणी येऊन गेलेलं असावं लागतं. वशाट केलं की भांडी तेलकट होतात आणि तेलकट भांड्याला पाणी दुप्पट लागतं. आमच्या गल्लीत पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री-अपरात्री. टाकी भरलेली असेल तर मटण, निम्मी असेल तर आमटी, आणि आत सोडलेली बादली खण्णकन वाजली तर पिठलं.

त्यामुळं पुण्याच्या लेकीनं फोनवर सॉसेज आणि भाज्यांची काहीतरी कृती सांगितली, तेव्हा मला सॉसेज ऐकूच आलं नाही. "आई, एकच ट्रे लागतो गं," एवढंच ऐकू आलं.

"सगळं चिरायचं, ट्रेमध्ये पसरायचं, तेल-मीठ चोळायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. २०० डिग्री, ४० मिनिटं. तोवर तू टीव्ही बघ."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. टीव्ही बघता बघता स्वैपाक होतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली अडचण सॉसेजची. नेहमीच्या किराणावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आहे की वहिनी. टोमॅटोचा देऊ का चिलीचा?"

"सॉस नाही हो, सॉसेज."

"तेच की. मोठी बाटली पायजे काय?"

त्याचा पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ते चिकनचं असतंय बे अण्णा, लांबुळकं." अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की पुढच्या महिन्यापासून उधारी बंद होते की काय असं वाटलं. शेवटी सात रस्त्याच्या बाजूला एका दुकानातल्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांखाली हात बधिर होईस्तोवर उकरल्यावर, दोन पाकिटं सापडली. एका पाकिटात दहा. गुलाबी, बोटाएवढी, एकमेकांना घट्ट चिकटलेली; थंडीच्या दिवसांत एका चादरीत झोपलेल्या भावंडांसारखी.

सासूबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "काय आहे हे?"

"कोंबडीचा खिमा असतो आई. मसाला, मीठ घालून नळीत भरतात."

"कसली नळी?"

इथं मी घाबरले. पूर्वीपासून ही नळी म्हणजे मेंढीचं नाहीतर डुकराचं आतडं. आता कारखान्यात दुसऱ्या वेष्टनांतही भरतात, पण आमच्या पाकिटातलं वेष्टन कसलं हे चष्मा लावूनही मला वाचता येत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "प्लॅस्टिकसारखं काहीतरी असतं."

"प्लॅस्टिक? शी! त्यापेक्षा सरळ आतडं तरी घालायचं की गं."

पाच वाट्या वजडी एका बैठकीत संपवणाऱ्या बाईला आतड्याचं नाव सांगायला मी का घाबरले, याचा पश्चात्ताप मला अजून होतो.

दुसरी अडचण ओव्हनची. आमच्याकडं ओव्हन आहे. आहे म्हणजे माळ्यावर आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी घेतला, त्यात दोन केक झाले, आणि नंतर त्यात जुन्या लग्नपत्रिका, नायलॉनच्या पिशव्या आणि एक इस्त्रीची वायर राहायला आली. ते सगळं बिऱ्हाड हलवून ओव्हन खाली काढला तेव्हा कळलं की त्याची जाड पिन बसणारं सॉकेट घरात एकच आहे, मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनचं. म्हणून ओव्हन वॉशिंग मशीनच्या डोक्यावर बसला. बाहेर ४३ डिग्री. आत २०० करायचे. आणि या दोघांच्या मधे मी, हातात सांडशी.

शुक्रवार होता. टाकी भरलेली. चिरायला घेतलं. बटाटे, गाजरं, कांदे, ढोबळी मिरची. लेकीनं बजावलं होतं की सगळे तुकडे एकसारखे कर, नाहीतर काही जळतात आणि काही कच्चे राहतात. पण बटाटा आणि ढोबळी मिरची एकाच आकाराची चिरली तरी दोघांना शिजायला सारखा वेळ लागत नाही, हे मला कळत होतं. आपण वांग्यात बटाटा घालतो तेव्हा आधी बटाटाच टाकतो ना? पण कृतीत एकदाच टाका म्हटलं होतं आणि मी नव्या सुनेसारखी आज्ञाधारक झाले होते. (लेकीनं बटाटे दहा मिनिटं आधी टाकायला सांगितलं होतं म्हणे. ते मी 'टीव्ही बघ' या वाक्याच्या आनंदात ऐकलं नाही.)

मग ऑरेगॅनो. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुड्या आमच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या असतात. चिली फ्लेक्सच्या अठ्ठावीस निघाल्या, ऑरेगॅनोच्या दोन, त्यातली एक फुटलेली. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मग मरवा टाक. आजीच्या कुंडीत आहे ना? दोन्ही एकाच कुळातले."

मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच आहे ते. मरवा आणि ऑरेगॅनो चुलत बहिणी. वनस्पतीशास्त्रात दोघींचं आडनाव एकच, ओरिगॅनम. मी गपचूप गच्चीवर जाऊन चार काड्या खुडल्या, पानं ओरबाडून बटाट्यांवर टाकली आणि तेलाचा हात फिरवला. ट्रेला असा काही वास सुटला, की एका क्षणी मला कुणाच्या तरी हळदीला आल्यासारखं वाटलं.

सासूबाई नाक वर करून आल्या. "मरवा कुणी खुडला?"

"मी, आई."

"गजऱ्यातला मरवा कोंबडीला?" त्या थांबल्या, ट्रेकडं पाहिलं. "नवरी दिसतीय."

आता माणसांचं. कृती चौघांची होती, सॉसेज आठ. आम्ही चौघंच, पण मुलानं दोन मित्रांना "आज आमच्याकडं काहीतरी फॉरेनचं आहे" असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे सहा. आणि डोई दोन सॉसेज हा हिशेब सोलापुरात कुणाला तोंडावर सांगता येत नाही. पानात वाढताना आपल्याकडं आकडा म्हणत नाहीत, "घ्या की अजून" म्हणतात. म्हणून सॉसेज सोळा केली, बटाटे तीन वाढवले, कांदे दोन. ट्रेमध्ये पसरायचं म्हणाली होती. माझ्या ट्रेमध्ये खळ्यावरच्या ज्वारीसारखी रास झाली.

ओव्हन लावला. अकराव्या मिनिटाला घर अंधारात गेलं.

अंधारातून तीन आवाज आले. सासूबाई: "कूलर बंद झाला गं." मुलगा: "आई, मॅच!" आणि हे: "तुझा तो ओव्हन!" वास्तविक हे त्याच लाइनवर इस्त्री करत बसले होते. ओव्हन १५०० वॅटचा, इस्त्री हजाराची, वर कूलर. एवढं ओझं बोर्डातलं कुठलं एमसीबीचं बटण उचलणार? पण संसारात निकाल आधी लागतो आणि पंचनामा मागून होतो. ओव्हन दोषी ठरला. मग घरात मतदान झालं, कूलर की जेवण. सासूबाईंनी कूलरला मत दिलं. मुलाच्या मित्रांना मताधिकार नव्हता, पण त्यांनी जेवणाकडं इतक्या आशेनं पाहिलं, की शेवटी कूलर वीस मिनिटं थांबवायचा, इस्त्री कायमची, असा तह झाला.

४० मिनिटांनी ओव्हनचं दार उघडलं. लेकीनं पाठवलेल्या फोटोत कडा तांबूस, करकरीत. माझ्या ट्रेमधून वाफेचा लोट आला, चष्मा आंधळा झाला, आणि तो पुसल्यावर दिसलं की बटाटे पांढरेफट्ट, गाजरं ओलीचिंब, आणि सगळे मिळून दोन बोटं पाण्यात बसलेत. सिद्धेश्वर तलावात उतरल्यासारखे.

व्हिडिओ कॉल. लेकीनं ट्रे पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आई, दाटी झाली! भाज्यांचं पाणी सुटलं, त्याला वाफ होऊन जायला जागाच नाही. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि असा तांबूस रंग यायला १४० च्या आसपास जावं लागतं. मायार रिअॅक्शन म्हणतात त्याला. मायार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये शोधून काढली."

"म्हणजे भाकरीचं," सासूबाई मागून म्हणाल्या.

"काय आजी?"

"भाकरीला वरनं पाण्याचा हात फिरवतो. ते पाणी वाळल्याबिगर उलटायची नसते. ओली उलटली तर तव्याला चिकटती, डाग धरत नाही. तेच की हे."

लेक दोन क्षण गप्प. मला त्या मायारसाहेबांची दया आली. बिचाऱ्यानं आमच्या चुलीसमोर पाट टाकून बसायला हवं होतं, पेपर लिहायचा त्रास वाचला असता.

उपाय एकच, विरळ करणे. निम्मा माल दुसऱ्या ट्रेमध्ये. दुसरा ट्रे नव्हता, म्हणून केकचं भांडं. पाणी ओतून घ्यायला पातेलं, कारण सासूबाई म्हणाल्या, "टाकू नको, भाजीचा अर्क आहे, आमटीत घालू." पाणी गाळायला गाळणं. भाज्या पुसायला पंचा. वर उचलायला झारा, सांडशी, आणि सॉसेज उलटायला पापडाचा चिमटा. एवढ्यात हे आले आणि "फुटतील, भोकं पाड" म्हणत काट्यानं प्रत्येक सॉसेजला चार-चार भोकं पाडून गेले. वाफेला वाट करून द्यायची असते, असं त्यांनी शिट्टी फुटलेल्या कुकरच्या अनुभवावरून ठरवलं होतं. आतला सगळा रस त्या भोकांतून ट्रेमध्ये उतरला आणि तिथं जाऊन जळून बसला.

पुन्हा २५ मिनिटं. या वेळी कुणी टीव्ही बघत नव्हतं. कूलर बंद, सगळे बाल्कनीच्या दारात उभे, ओव्हनच्या काचेतून आत बघत. रात्रीचे पावणेदहा. सॉसेजची कातडी आधी चमकली, मग ताणली गेली, मग एकेकीला लांबलचक भेग पडली आणि तिच्या कडा बाहेर वळून काळसर झाल्या. शेजारी एक कांद्याची पाकळी होती. तिचं टोक पिवळं, मग बदामी, मग अगदी चुलीतल्या कांद्यासारखं. मुलगा म्हणाला, "हे बघ, झालं!" आणि सगळ्यांनी त्या एका पाकळीचं कौतुक केलं.

जेवण कसं झालं? खोटं कशाला बोलू, कांदा अप्रतिम. गाजराला इतकी गोडी आली होती, की त्यात मी गूळ घातला का असं यांनी विचारलं. बटाटे निम्मे छान, निम्मे मनात खंत ठेवून शिजलेले. सॉसेज म्हणजे भोकं पाडलेलं, रस गेलेलं, करपलेलं खिम्याचं बोट. तरी सगळ्यांनी मिळून सोळाच्या सोळा संपवली. शेंगाचटणीची बरणी कुणी न सांगता मधोमध येऊन बसली, कडक भाकरीचे तुकडे मोडले गेले, आणि सासूबाईंनी एक सॉसेज बराच वेळ तोंडात घोळवून निकाल दिला: "मऊ आहे. कवळी काढल्यावर खायला बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मावशी अक्कलकोट रोडच्या, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी आणि भांड्यांशी पुन्हा तेलुगू. मोरीत बघून त्या खाली बसल्या आणि पुटपुटत मोजायला लागल्या. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू... ट्रे, केकचं भांडं, पातेलं, गाळणं, परात, दोन सुऱ्या, तेलाची वाटी, झारा, सांडशी, चिमटा, सॉसेज कोमट पाण्यात सोडलेला डबा, आणि अजून काय काय. मला आकडे दहापर्यंतच येतात, पण "पंतोम्मिदी" म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा भाषा आडवी आली नाही. एकोणीस. जेवणाची ताटं-वाट्या वेगळ्या.

"वहिनी, पाहुणे आलते काय?"

"नाही हो मावशी. एकाच भांड्यातलं जेवण केलं होतं."

त्या काही बोलल्या नाहीत. ट्रेला चिंच लावली, राख लावली, मग तो पाण्यानं भरून अंगणात ठेवून दिला. "भिजू दे," म्हणाल्या. "सोमवारी बघू." अर्धी बादली पाणी त्या ट्रेमध्ये उभं होतं आणि बुधवारपर्यंत नळ येणार नव्हता.

दुपारी लेकीचा फोन. "जमलं ना शेवटी? आणि ट्रेवर फॉइल पसरलं होतंस ना?"

"कसलं फॉइल?"

"अगं, आधी फॉइल पसरायचं, त्यावर सगळं. मग ट्रे धुवायलाच लागत नाही. म्हणून तर सोपं म्हटलं मी!"

मी खिडकीतून अंगणात पाहिलं. शेजारचं मांजर आमच्या ट्रेच्या काठावर पाय ठेवून, चिंचेचं पाणी सोडून बाकी कशाचा वास घेत बसलं होतं.

"आई?"

"हं."

आतून सासूबाईंचा आवाज आला. फ्रीज उघडल्याचा, आणि मग त्यांचा. "गं, ह्या चार नळ्या उरल्यात की. आज शनिवार. उद्या रविवारी कढईत कांद्यावर परतून टाकते मी. एकाच भांड्यात होतंय."