वाटी परत करायला गेलेला चोर

काल सकाळी सव्वासातला समोरच्या अण्णांची वाटी परत करायला गेलो. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आत खोबऱ्याच्या चार वड्या होत्या. फाटकाच्या कडीला हात लावतोय तोच भिंत बोलली. आवाज अण्णांचाच, पण सत्यनारायणाची कथा सांगावी तसा संथ. "नमस्कार! आपलं स्वागत आहे. आपण कॅमेऱ्यात दिसत आहात. कृपया चोरी करू."

एवढंच. 'नये' नाही.

'नये' कुठं गेलं हे मला लगेच कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. भिंतीवर माणूस हलला की बोलणारी एक डबी बसवलीय. तिच्या आत आयएसडी १८२० नावाची आवाज साठवणारी चिप आहे. तिच्यावर १०० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा असतो, त्यानं बरोबर १० सेकंद मिळतात. तिथं २०० चा घातला तर २० सेकंद मिळतात, पण सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, ६.४ वरून ३.२ किलोहर्ट्झवर येतं आणि माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा मजकूर कापावा. अण्णांनी मजकूर कापला नाही, दहा सेकंदांनीच त्यांना कापलं. वीज गेली तरी हा संदेश पुसला जात नाही. चिप बनवणारे १०० वर्षं म्हणतात. म्हणजे आमच्या नातवंडांनाही मंगळवार पेठेत चोरीचं आमंत्रण आहे.

तेवढ्यात दूधवाले मामा आले. भिंतीनं त्यांनाही पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं. मामांनी किटली खाली ठेवली.

"कोन बोलालंय?"

"मशीन आहे, मामा."

"आवाज तर अण्णांचा हाय." मग भिंतीकडं वळून, "अण्णा, भाईर या. त्वांडावर बोला."

अण्णा तेव्हा रंकाळ्यावर फेऱ्या मारत होते. भिंत म्हणाली, "नमस्कार! आपलं स्वागत आहे."

"नमस्कार ऱ्हाऊ दे बाजूला. तीस वर्सं दूध घालतोय ह्या घरात. पानी घातलं आसंल येकांद्या वक्ताला, चोरी न्हाई केली."

मी हे ऐकलंच नाही असा चेहरा केला. आमच्याकडंही मामांचंच दूध येतं.

"आपण कॅमेऱ्यात दिसत आहात."

"दिसू दे की! भितोय व्हय?" म्हणत मामांनी मापटं हवेत फिरवलं. तिथंच चुकलं. डबीतल्या सेन्सरला माणूस कळत नाही, अंगाची ऊब सरकलेली कळते. आत दोन तुकडे शेजारी शेजारी असतात. ऊब एकासमोरून दुसऱ्यासमोर गेली की दोघांत फरक पडतो आणि तो जागा होतो. म्हणून आडवं चालणारा लगेच सापडतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. आणि हातवारे करत भांडणारा तर त्याला पर्वणीच.

"मामा, हलू नका. गप उभं ऱ्हावा."

मामा मापटं उगारलेल्या अवस्थेत थिजले. भिंतीचं चालू वाक्य संपलं, मग शांतता. गल्लीतली दोन पोरं दप्तरासकट थांबली. वरच्या माडीवरून कुणीतरी "काय झालं हो?" विचारलं. मामा ओठ न हलवता म्हणाले, "बघा, दमात घेतला की गप बसतोय," आणि मिशीवरून हात फिरवला.

"नमस्कार!"

दोष सेन्सरचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. वस्तू साधी आहे. पांढऱ्या टोपीखाली एचसी-एसआर ५०१ नावाचा हा सेन्सर, मागं दोन फिरक्या. एकीनं पल्ला ठरतो, ३ ते ७ मीटर. दुसरीनं वेळ, काही सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. शेजारी एक जंपर, म्हणजे इकडून तिकडं सरकवायचा छोटा जोड असतो. तो 'एल'वर असला की ठरलेली वेळ संपताच सेन्सर नव्यानं जागा होतो आणि सगळी कथा पहिल्यापासून. 'एच'वर ठेवला की समोर हालचाल आहे तोवर एकच इशारा, म्हणजे पाहुण्याला एकच नमस्कार. अण्णांच्या मुलानं जंपर 'एल'वर, वेळेची फिरकी किमानावर आणि पल्ला कमालीवर ठेवलाय. आमची गल्ली ७ मीटर रुंद नाहीच. त्यामुळं संध्याकाळी गंगावेशीकडनं परतणाऱ्या म्हशींचंही रोज स्वागत होतं. टोपीच्या रस्त्याकडच्या बाजूला आतून काळी चिकटपट्टी लावली असती तर म्हशी वाचल्या असत्या.

त्याआधी पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्यानं सेन्सर खिडकीच्या काचेमागं लावला होता. काचेतून ही उष्णता आरपार जात नाही. तो महिनाभर आंधळा होता आणि गल्ली सुखात होती. नंतर तो बाहेर आला, तर रात्री दोन वाजता कुणी नसताना बोलायला लागला. मोबाईलच्या चार्जरवर सगळं चालवलंय. स्पीकर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर पडतं, तो धक्का सेन्सरला हालचाल वाटते आणि तो स्वतःचंच स्वागत करत बसतो. सेन्सरच्या वायरींवर १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा तुकडा टाकला असता तर बहुतेक वेळा हे थांबतं. उलट एप्रिलच्या दुपारी, हवा अंगाइतकी तापली की ऊब वेगळी दिसतच नाही आणि हा डुलक्या काढतो. चोरानं दुपारी यावं, त्याला कुणी विचारणार नाही.

आणि स्वागत आणि दम एकाच डबीत कशाला कोंबायचा? सेन्सरच्याच सर्किटवर एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा तुकडा लावायला जागा रिकामी सोडलेली असते. तो लावला की डबी फक्त अंधारात बोलते. दम तिला द्यावा. दिवसाच्या स्वागताला काकू होत्या की. पूर्वी कडी वाजली की आतूनच आवाज यायचा, "या, चहा टाकलाय." आता कडी वाजायच्या आधी भिंत संशय घेते, काकू टीव्हीचा आवाज वाढवतात आणि चहा बंद झालाय.

संध्याकाळी अण्णांना गाठून जंपर, कपॅसिटर, 'नये', सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "बसवल्यापासून चोरी झाली का एक तरी?" यावर काय बोलणार? कॅमेरा कुठं आहे विचारलं, तर म्हणाले, "कॅमेरा न्हाई. नुसतं म्हणायचं."

मामा आता गल्लीच्या तोंडाशी थांबून हाळी देतात आणि काकू पातेलं घेऊन तिथवर जातात. जाताना एकदा नमस्कार, येताना एकदा.

वाटी अजून आमच्या फडताळात आहे. वड्या काल रात्रीच संपल्या.