‘पाच लाख नसतील तर नेमबाजीच्या नादी लागू नका’ : या मेसेजमध्ये खरं किती?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम मारायचा प्रकार) कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून नेमबाजीबद्दलचा एक मेसेज आपल्या मराठवाड्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. परभणीहून नांदेडला जातो, नांदेडहून लातूरला, आणि दर वेळी खाली कुणीतरी ‘शंभर टक्के सत्य’ असा शेरा मारतं. मजकूर थोडक्यात असा : हा श्रीमंतांचा खेळ आहे, पाच लाख हाताशी नसतील तर लेकराला त्या नादी लावू नका. बंदूक म्हटली की परवाना आला, पोलीस स्टेशनच्या चकरा आल्या. चष्मा असेल तर विसराच. आपल्या पोरांचा नेम गोफणीमुळं उपजतच चांगला, पण आठव्या वर्षापासून शिकल्याशिवाय आणि पुण्या-मुंबईत राहिल्याशिवाय उपयोग नाही. आणि शेवटी, हातात बंदूक आली की पोरगं बिघडतं.

यातलं काहीच खरं नाही असं नाही. पण ऑलिंपिकपर्यंतचा खर्च पहिल्याच दिवशी लागतो, असं भासवून हा मेसेज लोकांना घाबरवतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पाच लाखांशिवाय सुरुवात नाही’

विदेशी बनावटीची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, दोन लाखांच्या पुढं जाते. त्यावर अंगाला ताठ आधार देणारं जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. राष्ट्रीय पातळीवर सातत्यानं खेळणाऱ्याचा आकडा पाच लाखांच्या आसपास गेला तर नवल नाही. स्वप्नीलसाठी वडिलांनी कर्ज काढल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. वडील शिक्षक, आई तेव्हा गावच्या सरपंच, गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. पैसा लागतो, हे त्या घरानं सोसलंय.

पण तो सुरुवातीला लागत नाही. १० मीटर एअर रायफलचं प्रशिक्षण घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आधी क्लबचीच रायफल मिळते. फी आणि छर्रे तेवढे आपले. पहिले काही आठवडे तर छर्रेही फारसे उडत नाहीत. उभं कसं राहायचं, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, श्वास कुठं थांबवायचा, ट्रिगर न हिसकता कसा दाबायचा, एवढंच चालतं. मग कोऱ्या कागदावर दहा गोळ्या मारून ग्रुप बघायचा, म्हणजे छिद्रं किती जवळजवळ पडली ते. ग्रुप लहान होत नाही तोवर गुणांना काही अर्थ नसतो, आणि ग्रुप दोन लाखांच्या रायफलीनं आपोआप लहान होत नाही.

शालेय स्पर्धांत ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम धरायचा) आणि पीप साईट (बारीक छिद्रातून धरायचा) असे वेगळे गट असतात. साध्या देशी रायफलीवर सुरुवात करणाऱ्याला ओपन साईटचा गट सोयीचा पडतो. जॅकेट तर उशिराच घ्या. वाढत्या वयाच्या मुलाला ते वर्षभरात तोकडं होतं, आणि त्या आधारावर उभं राहायची सवय लागली की कंबर-पाठीचा व्यायाम मागं पडतो. (मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याखाली ते कॅनव्हासचं जॅकेट घालून साठ गोळ्या मारणं हा वेगळाच क्रीडाप्रकार आहे.)

जुनी रायफल घेणार असाल तर मात्र डोळे उघडे ठेवा. या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात, सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरावा लागतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपन्या साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली रायफल पहिल्याच तपासणीत बाद झाली, असं यातूनच होतं. तालुक्याच्या गावी हवा कुठं भरून मिळेल हेही आधी विचारून ठेवावं.

‘परवाना लागतो’

बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांवरून जो गदारोळ झाला, त्यानंतर आपल्याकडं ‘बंदूक’ म्हटलं की माणूस दचकतो, हे समजण्यासारखं आहे. पण मेसेजमध्ये दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत आहे. ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त बोअर (नळीचा आतला व्यास) नसलेली आणि २० ज्यूलपर्यंतच ताकद असलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. स्पर्धेतल्या रायफलीचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं सुटतो, म्हणजे साधारण ८ ज्यूल. मर्यादेच्या निम्माही नाही. परवाना लागतो तो पॉइंट टू टू (०.२२ इंच) बोअरच्या, काडतुसाच्या रायफलीला. स्वप्नीलचा ५० मीटरचा प्रकार त्यातला. तिथवर पोचायला वेळ असतो.

परवाना नाही याचा अर्थ शेतात जाऊन पाखरं पाडायला मोकळीक मिळाली असा नाही. एअर रायफलीनं डोळा जातो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. पाटोद्याजवळ नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. त्या शिवारात खांद्यावर रायफल टाकून हिंडणाऱ्याला नेमबाज म्हणत नाहीत.

‘चष्मा असेल तर विसरा’

हा मुद्दा लिहिणारा कधी रेंजवर उभा राहिलेला नाही. पीप साईटच्या बारीक छिद्रातून बघताना नजर नळीच्या टोकावरच्या रिंगवर ठेवायची असते. मागचं लक्ष्य किंचित अंधुक दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसतं. नंबरचा चष्मा नियमात बसतो. नेमबाजांसाठी एकाच डोळ्यासमोर काच बसवायचे खास चष्मेही मिळतात. बघायचं असेल तर एवढं बघा की मुलाचा प्रबळ डोळा कोणता. दोन्ही तळहातांत त्रिकोणी फट ठेवून दूरची वस्तू बघायची आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते, तो.

‘गोफणीमुळं नेम उपजतच’

मला सगळ्यात जास्त हाच मुद्दा खटकतो, कारण तो कौतुकाच्या वेषात येतो. ज्वारी राखताना माळ्यावरून भिरकावलेला गोटा बरोबर पाखरांच्या थव्यावर जातो, ते कसबच आहे. पण ते कसब हालचालीचं आहे : हात फिरतो, कंबर वळते, अंदाज चालत्या वस्तूचा असतो. रायफलीत सगळं याच्या उलट. साडेपाच किलोपर्यंतची रायफल स्नायूंवर न पेलता हाडांच्या आधारानं धरायची आणि सव्वा तासात ६० गोळ्या मारायच्या. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, साठ गोळ्यांना ६५४. उपजत नेमाच्या भरवशावर आलेली पोरं पहिल्या महिन्यातच कंटाळतात. टिकतं ते वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारं, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करायला न कंटाळणारं पोरगं. पोरगी तर बऱ्याचदा.

याच मुद्द्याचा दुसरा भाग म्हणजे ‘आठव्या वर्षापासूनच शिकावं लागतं’. तेही नाही. मनू भाकरनं चौदाव्या वर्षी नेमबाजी सुरू केली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तेव्हा तिशीला टेकली होती. आठ वर्षांच्या लेकराच्या पाठीवर मॅच रायफलीचं वजन टाकणं चूकच.

‘पोरगं बिघडतं’

रेंजवरची शिस्त एकदा बघून या. हुकूम झाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, नळी लक्ष्याकडंच, ‘स्टॉप’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, रायफल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण. एवढी शिस्त लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना लागली असती तर बरं झालं असतं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हेही तिथंच शिकवतात.

‘पुण्या-मुंबईशिवाय काही होत नाही’

५० मीटरपुरतं बोलायचं तर हे बरंचसं खरं. पुण्याच्या बालेवाडी किंवा मुंबईच्या वरळीसारखी रेंज तालुक्याला उभी राहत नाही. १० मीटरला मात्र लागतो एक लांब हॉल, मागं भक्कम भिंत, छर्रे अडवणारी पेटी आणि लक्ष्यावर चांगला उजेड. सुरुवात आणि पुढची दोन-तीन वर्षं एवढ्यावर निघतात. शालेय स्पर्धा जिल्ह्यावरून विभागाला जातात, आणि मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग आहेत; मुंबईच्या पोरांशी गाठ पडते ती राज्य स्पर्धेत. संघटनेच्या स्पर्धांची वाट वेगळी : तिथं जी. व्ही. मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, तेच १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक. हे किती जणांना माहीत असतं!

जवळच्या क्लबात जाऊन चौकशी करा. क्लबची रायफल किती जणांत वाटून मिळते, प्रशिक्षक रोज असतो की रविवारीच, हवा कुठं भरता, एवढं विचारा. आणि पहिल्याच भेटीत कुणी रायफलीचं कोटेशन हातात दिलं, तर चहा पिऊन घरी या.