गोकाकच्या कड्याविषयी खुलासा
गोकाकचा धबधबा थिजलेल्या लाव्हारसाच्या कड्यावरून कोसळतो, असा मजकूर सध्या बेळगाव, चिकोडी, निपाणी परिसरात मोबाईलवरून फिरत आहे. तो चुकीचा आहे. घटप्रभा नदी जिथे सुमारे 52 मीटर खाली झेपावते, तो कडा वालुकाश्माचा, म्हणजे प्राचीन पाण्याखाली थरांवर थर साचून घट्ट झालेल्या वाळूचा आहे आणि त्याचे वय 50 कोटी वर्षांहून अधिक आहे. लाव्हारसापासून झालेला काळा बेसाल्ट त्या मानाने अलीकडचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. निपाणीकडच्या विहिरी खणताना हाच काळा पाषाण लागत असल्याने गैरसमज होणे (खरे तर) स्वाभाविकच. परंतु कड्यातील आडवे थर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.