विशेष मुलांचं शिबिर मुक्कामी हवं, आणि आई-बाबांशिवाय

मे महिना जवळ आला की विशेष मुलांच्या शिबिरांच्या जाहिराती फिरायला लागतात. सकाळी दहा ते एक, चित्रं रंगवणं, जादूचे प्रयोग, शेवटी पाहुण्यांच्या हस्ते खाऊवाटप, आणि प्रत्येक मुलाशेजारी त्याची आई बसलेली. अशी शिबिरंही व्हावीत. पण मला मनापासून वाटतं की खरं शिबिर मुक्कामी असतं आणि तिथे आई-वडील नसतात. 'आमच्या माघारी याचं कसं होणार' हा घोर प्रत्येक घराला आहे. परक्या हातून जेवायचा, परक्या खोलीत झोपायचा सराव दहाव्या-बाराव्या वर्षी दोन रात्रींपासून सुरू झाला, तर तिसाव्या वर्षी आईला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं तरी घर कोलमडत नाही.

ही काही चैनीची मागणी नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 29 मध्ये करमणुकीच्या सोयींबरोबर मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांत दिव्यांगांना सहभागी करून घेण्याचाही उल्लेख आहे. आणि घराबाहेरचे हे दिवस माणसाला काय देऊ शकतात, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात 1951 ते 1977 या काळात 'कॅम्प जेनेड' हे दिव्यांगांचं उन्हाळी शिबिर चालायचं. तिथे आलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या ज्युडिथ ह्यूमन आणि त्यांचे काही सोबती पुढे 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दिव्यांगांच्या हक्कांसाठी तीन आठवड्यांहून जास्त दिवस ठिय्या मांडून बसले.

आता कामाचं. शिबिर मे महिन्यात असलं तरी ते उभं राहतं एप्रिलमध्ये, आणि सुरुवात होते फॉर्मपासून. 'काही आजार आहे का? हो/नाही' असा फॉर्म बिनकामाचा. विचारायचं ते असं: शेवटची फिट कधी आली, कशी दिसली, किती वेळ टिकली? तहान लागली हे कसं सांगतो? शी-शूचा इशारा काय? कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल यांतलं काय सहन होत नाही? चिडला की कशाने शांत होतो? शिवाय पालकांकडून दोन छोटे व्हिडिओ मागवा: एक भरवतानाचा, एक खुर्चीतून पलंगावर घेतानाचा. चमचा तोंडात कुठल्या बाजूने जातो, मान कशी धरायची, हे लिहून कळत नाही, बघून लगेच कळतं.

जागा बघायला जाताना मोजपट्टी खिशात ठेवा. रिसॉर्टचा मॅनेजर फोनवर 'रॅम्प आहे' म्हणतो, तो पुष्कळदा स्कूटर चढवायचा उतार निघतो. उताराचं प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट आणि तीन पायऱ्यांना अठरा फूट. चार फुटांच्या फळीवरून व्हीलचेअर मागे उलटू शकते. खोलीचं दार मोठं असतं, पण संडासाचं दार बऱ्याचदा जेमतेम दोन फुटांचं आणि मोठ्या माणसाची व्हीलचेअर साधारण पंचवीस-सव्वीस इंच रुंद. अशा वेळी चाकांची अरुंद कमोड खुर्ची न्यावी लागते, आणि तिचंही माप आधी दारातून काढून बघावं लागतं. हे पहिल्या दिवशी सकाळी लक्षात आलं तर सगळ्यांची आंघोळ बारापर्यंत लांबते, नाश्ता आणि गोळ्या चुकतात, आणि उरलेला दिवस त्याच्याच मागे धावण्यात जातो.

औषधं मूळ पाकिटातच घ्यायची. डबीत सुट्या घातलेल्या पांढऱ्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. दोन दिवसांचा जादा साठा, सोबत डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, आणि पातळ औषध असेल तर त्याच बाटलीचं माप. गोळी एकाने द्यायची, दुसऱ्याने बघून तक्त्यावर सही करायची. फिट येणाऱ्यांसाठी चुकलेला डोस आणि अपुरी झोप ही जोडी सर्वांत वाईट, म्हणून शेकोटी आणि गाणी रात्री नऊला आटोपा. फिट आलीच तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काहीही घालू नका. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं याने काही होत नाही, फक्त वेळ जातो. फिट पाच मिनिटं टिकली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे आणि थेट गाडी. म्हणूनच एक गाडी रात्रभर ड्रायव्हरसकट दारात उभी पाहिजे.

उन्हाचा विषय आपल्याकडे फार हलक्यात घेतला जातो. काही औषधांनी घाम कमी होतो: फिटसाठीचं टोपिरामेट, सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही तेव्हा) स्नायूंचा ताण कमी करायला देतात ते ट्रायहेक्सिफेनिडिल. वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्यांना तर इजेच्या खाली नीट घामच येत नाही. अंग कोरडं, चेहरा लाल, मूल गप्प, आणि स्वयंसेवकाला वाटतं की दमलंय. मैदानातलं सगळं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच. पाणी मागण्याची वाट बघायची नाही, घड्याळ लावून पाजायचं. पायात संवेदना नसलेल्यांना तापलेली फरशी, लोखंडी बाक, गाडीतलं बकल यांनी भाजतं आणि त्यांना कळतही नाही. फोड रात्री कपडे बदलताना दिसतो.

फुगे नकोत, असं सांगितलं की आयोजक हिरमुसतात. पण स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्या मुलांना लहानपणापासूनची ऑपरेशनं आणि कॅथेटर म्हणजे लघवीची नळी यांमुळे लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांतल्या रबराची, अ‍ॅलर्जी झालेली पुष्कळदा आढळते. फुग्यांच्या कमानीखालून आत येताना श्वास अडकू शकतो. पताका लावा. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी आणि ट्रॅम्पोलिन नाही. गिळायला त्रास असलेल्याला सरळ बसवूनच भरवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चिवडा, शेंगदाणे, पातळ ताक यांनी ठसका लागतो. मऊ खिचडी, घट्ट दही चालतं, पण कुणाला काय चालतं ते ताटावर नावानिशी चिकटवलेलं हवं. आचारी रोज तोच असेल याची खात्री नसते.

माणसं किती लागतात? वीस जणांत सहा जणांचं सगळं करावं लागत असेल, तर त्या सहांना प्रत्येकी एक मदतनीस, बाकीच्यांना तिघांमागे एक, रात्री दोघं आळीपाळीने जागे, आणि एक नर्स. सुट्टी घेणारेही मोजायचे, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात. कॉलेजची मुलं उत्साही असतात, पण त्यांना आधी एक पूर्ण दिवस शिकवायलाच हवं. काखेत हात घालून एकट्याने उचललं तर सैल खांदा निखळतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. आधी व्हीलचेअरचा ब्रेक, मग पाय ठेवायचा पाट वर, आणि उचलायचं दोघांनी, एकाने मोठ्याने मोजून. मुलींचं कपडे बदलणं, पॅड बदलणं बाईनेच करायचं. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा माणूस नको, मग तो कितीही विश्वासाचा असो. फोटोला लेखी परवानगी, आणि आंघोळीच्या रांगेत मोबाइल नाही.

मोठ्यांबद्दल तळमळीने सांगायचंय. अठरानंतर बहुतेकांची विशेष शाळा सुटते आणि घर एवढंच जग उरतं. मग पस्तिशीच्या माणसाला शिबिरात नेऊन 'बाळा' म्हणून हाक मारतात आणि हातात रंगाचे खडू देतात. त्याला दादा म्हणा. कॅरम ठेवा, सकाळी चहा हवा की कॉफी हे विचारा, खिशात दोनशे रुपये देऊन बाजारात न्या आणि काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. मोठ्यांचा गट आणि खोल्या मुलांपासून वेगळ्याच ठेवा.

पहिली रात्र जड जाते, ते गृहीत धरा. घरची चादर किंवा उशी सोबत असू द्या. उद्या काय-काय होणार याची चित्रं ओळीने लावलेला तक्ता झोपण्याआधी दाखवला की ऑटिझम असलेल्यांची बेचैनी पुष्कळ कमी होते. आई-बाबांनी रात्री व्हिडिओ कॉल करायचा नाही. शांत होत आलेलं मूल तो चेहरा बघून पुन्हा रडायला लागतं. त्यांना रोज सकाळी दोन ओळींचा निरोप जाईल: झोप, जेवण, शी, गोळ्या.

देणगीदारांना एवढीच विनंती की टी-शर्ट आणि सन्मानचिन्हांचे पैसे दोन जादा मदतनिसांना आणि एका कमोड खुर्चीला द्या.

निघायच्या सकाळी प्रत्येकाची पाठ, ढुंगण, टाचा नीट तपासा. लाली, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसली तर पालकांना दाखवून सांगा, लपवू नका. उरलेल्या गोळ्या मोजून परत करा. आणि एका कागदावर लिहून द्या की याने इथे स्वतःच्या हाताने काय केलं: ताट उचललं, शर्टाची बटणं लावली, नको असेल तेव्हा 'नको' म्हटलं. घरी त्याच्यासाठी ते करू नका, हेही त्याच कागदावर लिहा.