कॅरेज सरकत नाही

‘मॅड मेन’ ही अमेरिकन मालिका 17 मे 2015 रोजी संपली, आणि ‘सवडीने बघू’ असे म्हणत मी तेव्हापासून तिचा शेवट कानावर पडू नये म्हणून एखाद्या पथ्यावरच्या रोग्यासारखा जपून राहिलो होतो. गेल्या मंगळवारी पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, कर्जत आणि दादर यांच्या दरम्यान, माझे हे पथ्य मोडले. ते मी मोडले नाही. शेजारच्या आसनावरील गृहस्थांनी मोडले, आणि वर मला अर्धी चिक्कीही देऊ केली.

मी पोटासाठी जाहिरातींचे मराठीकरण करतो. म्हणजे दुसऱ्या भाषेत शिजलेली जाहिरात संध्याकाळी साडेसहाला माझ्याकडे येते आणि ‘चारच तर शब्द आहेत’ या दिलाशासह आठपर्यंत परत मागितली जाते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर 1960 ते 1970 या दशकात जाहिरातवाले कसे जगत होते याची ही ब्याण्णव भागांची गोष्ट मी थोड्या असूयेनेच पाहायला घेतली होती. तिथे मालिकेचा नायक डॉन ड्रेपर सोफ्यावर आडवा होऊन छताकडे पाहतो आणि त्याला विचार करणे म्हणतात. मी तसे केले तर घरातून दळण आणण्याविषयी विचारणा होते.

मी ही मालिका पाहत आहे हे कळताच प्रत्येकाला तिच्याविषयी मत असल्याचे आठवते, हा मला झालेला पहिला ताप. वहिनींच्या मते ती कपड्यांसाठी आणि दिवाणखान्यांसाठी पाहावी. एका मित्राने दोन भागांनंतर ‘यात काही घडतच नाही’ असा शेरा मारून ती सोडली. आमच्या कचेरीतील एका तरुणाने तर डॉनचे छायाचित्रच स्वतःच्या जागी लावले आहे. ज्या माणसाने कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचे नाव चोरले, बायकोला फसवले, मुलांना दिलेले शब्द विसरला, तो याला आदर्श वाटतो, कारण त्याचा कोट नीट बसतो. सलग चार वर्षे, 2008 ते 2011, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक मिळवणाऱ्या कलाकृतीतून एवढेच उचलायचे असेल, तर शिंपी बदलून काम भागले असते.

असो. मी पाचव्या पर्वाच्या अकराव्या भागात होतो. पेगी ओल्सन, जी चिटणीस म्हणून आली आणि हळूहळू जाहिरातलेखिका झाली, ती आपल्या वरिष्ठाला, म्हणजे डॉनला, नोकरी सोडत असल्याचे सांगते. तो आधी थट्टा समजतो, मग पैसे वाढवू पाहतो, आणि शेवटी तिने निरोपासाठी पुढे केलेला हात ओठांना लावून बराच वेळ सोडतच नाही. माझे डोळे भरून आले होते. तेवढ्यात एक तर्जनी माझ्या पडद्यावर, नेमकी पेगीच्या खांद्यावर, येऊन टेकली.

“ही ती टाईपरायटरवाली मालिका ना?”

मी कानांतले काढले. गृहस्थ पंचाहत्तरीचे असावेत. त्यांनी चौतीस वर्षे टंकलेखनाची संस्था चालवली होती, हे मला पुढच्या अर्ध्या मिनिटात कळले. किती मुली त्यांच्या हाताखालून मंत्रालयात गेल्या, हे कळायला खंडाळ्याचा घाट उतरावा लागला.

“हिचा पहिला भाग खोटा आहे,” ते म्हणाले.

“खोटा म्हणजे?”

“मार्च 1960 दाखवलाय ना? त्या पोरीच्या टेबलावर यंत्र कोणतं आहे? मी सांगतो. सिलेक्ट्रिक. आयबीएमचं गोळ्याचं यंत्र. कागद धरणारी कॅरेज सरकत नाही त्याची, आतला गोळा फिरतो. ते बाजारात आलं जुलै 1961 मध्ये. म्हणजे सोळा महिने आधी ही बाई त्यावर पत्रं बडवतेय. मी मुलाला तिथेच म्हटलं, बंद कर.”

मी नम्रपणे सुचवले की मालिका टंकयंत्रांविषयी नाही.

“मग कशाविषयी आहे?”

या प्रश्नाचे उत्तर मला पाच पर्वे पाहूनही देता येईना, याचा राग मला अजून आहे. मी ओळखीविषयी, एकटेपणाविषयी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ‘कचेरीत सकाळी अकराला दारू पितात’ ही नोंद केली. मग मित्राला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी त्यांना दिले. काही घडत नाही कसे? तिसऱ्या पर्वात कचेरीतल्याच मेजवानीत गवत कापायचे यंत्र एका इंग्रज साहेबाच्या पायावरून जाते आणि रक्ताच्या चिळकांड्या काचेवर उडतात!

“ते पाहिलं,” गृहस्थ म्हणाले, “पण तोवर 1963 साल आलं होतं. तेव्हा यंत्रं बरोबर होती.”

पेगीविषयी तरी त्यांना आपुलकी वाटावी म्हणून मी लिपस्टिकचा प्रसंग काढला. कचेरीतल्या मुलींवर लिपस्टिकचे नमुने आजमावले जातात, ओठ पुसलेले कागद टोपलीत जमतात, आणि पेगी सहज त्या टोपलीला चुंबनांची टोपली म्हणते. त्या शब्दांवर तिची कारकीर्द उभी राहते. मी एकदा केवळ हौसेने त्याचे मराठी करायला बसलो होतो. ‘चुंबनांची टोपली’ म्हटले तर ती शासकीय परिपत्रकात वाटप झाल्यासारखी वाटते आणि ‘मुक्यांची टोपली’ म्हटले तर तीत न बोलणारी माणसे भरल्याचा भास होतो. ती अडचण ज्यांना दिसत नाही ते मला साडेसहाला चार शब्द पाठवतात, आणि मी पाठवलेले चार शब्द ग्राहक-कंपनीच्या साहेबांच्या सौभाग्यवतींना ‘जरा जड’ वाटतात. डॉनला एवढे तरी सुख होते की त्याच्या चार शब्दांवर रीतसर बैठक भरायची. माझ्या शब्दांवर जो निकाल लागतो तो भ्रमणध्वनीवर, अंगठ्याच्या चिन्हाने, आणि पैसे तीन महिन्यांनी.

“मुलगी हुशार आहे,” गृहस्थांनी पेगीला प्रमाणपत्र दिले. “पण पाठ वाकवून टाईप करते. माझ्याकडे असती तर मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत बसवली नसती.”

कर्जत सुटले होते. मी पुन्हा कानांत घालू लागलो, तेव्हा त्यांनी चिक्की काढली आणि आठवणीत हरवून म्हणाले, “न्यू जर्सीला मुलाकडे सहा महिने होतो तेव्हा सगळी पाहिली. बर्फात बाहेर कुठे जाणार? शेवटी तो समुद्रकाठी डोळे मिटून, मांडी घालून बसतो, ‘ओम’ म्हणतो, जरासा हसतो, आणि एकदम कोकाकोलाची जाहिरात लागते. टेकडीवर पोरंपोरी गाणं म्हणतात ती.”

चिक्की माझ्या दाढेत अडकली.

“सूनबाईंचं म्हणणं, ती जाहिरात त्यानेच परत येऊन केली. मुलगा म्हणाला, छे, त्याला खरी शांती मिळाली. दोघं चार दिवस बोलत नव्हते हो. माझ्यामार्फत मीठ मागायचे.”

ती जाहिरात मला ठाऊक होती. 1971 ची, खरी, मॅकॅन-एरिकसन या जाहिरातसंस्थेच्या बिल बॅकर यांची. आमच्या धंद्यात ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी सांगितली जाते. आणि म्हणूनच तो शेवट काय ताकदीचा असेल हे मला त्या एका वाक्यात दिसले, आणि तो आता मला कधीच अचानक भेटणार नाही हेही दिसले. ज्या प्रेक्षकांनी आठ वर्षे डोके खाजवून, सुरुवातीच्या शीर्षकदृश्यातला कोसळणारा माणूस म्हणजे डॉन खिडकीतून उडी घेणार, किंवा विमान पळवून पॅराशूटने नाहीसा झालेला डी. बी. कूपर तो हाच, असे तर्क लढवले, त्यांचे तर्क चुकले खरे, पण त्यांना चुकायला तरी मिळाले. (हे वाचून आपलाही रसभंग झाला असल्यास क्षमस्व. दुःख एकट्याने सोसण्याची माझी तयारी नाही.)

माझा चेहरा पाहून गृहस्थांना काहीतरी उमगले असावे.

“तुमची पाहायची राहिली होती का?”

“दोन पर्वे.”

“अरेरे. मग बाकीचं नाही सांगत. त्याच्या पहिल्या बायकोचं, त्या बेट्टीबाईंचं, काय होतं ते तुम्हीच बघा. रसभंग करू नये कुणाचा.”

दादर आले. त्यांनी पिशवी उचलली, उरलेली चिक्की माझ्या हातात कोंबली, दारापर्यंत गेले, आणि मागच्या गर्दीला थोपवून धरत माझ्याकडे वळून कळवळून म्हणाले, “पण काही म्हणा, सिगारेट वाईटच हो.”