सोंड्या भुंग्याचा सापळा : ‘संकट आवतण देऊन आणलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्दा खोटा नाही. तुम्ही एकरभर नारळात सहा सापळे लावलेत, तेही झाडांनाच बांधलेले, आत ल्यूर (भुंग्यांना ओढणाऱ्या वासाची पुडी) आणि साधं पाणी. पंधरा दिवसांत मोजकेच सोंड्या भुंगे (ज्यांच्या अळ्या नारळाचं खोड आतून पोखरतात) पडले आणि दोन झाडांनी शेंडा टाकला. ‘गंधाने बाहेरचे भुंगेही बोलावून घेतले,’ असं तुम्ही लिहिलंय.

बोलावले, हे खरंच. ल्यूरच्या वासाने आलेला प्रत्येक भुंगा बादलीत जात नाही. कित्येक आसपासच्या झाडांवरच उतरतात. जपानी भुंगेऱ्याच्या सापळ्यांबाबत अमेरिकेत केंटकीत १९८०च्या दशकात हेच आढळलं होतं. सापळ्याजवळच्या झाडांची पानं उलट जास्त खाल्ली गेली. आले किती आणि पडले किती, यातली तफावत कमी करायची, सगळं कसब तिथेच आहे.

आधी त्या दोन झाडांचं. अळी खोडात महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त काळ पोखरत असते. शेंडा मलूल दिसतो तेव्हा आतला गाभा कधीच गेलेला असतो. म्हणजे ही लागण सापळ्यांच्या आधीची. सापळा अळीचं काहीच वाकडं करत नाही. ती झाडं वाचणारी नसतील तर तोडा, खोड उभं चिरा, अळ्या आणि धाग्यांचे लांबट कोष वेचून नष्ट करा. नुसतं तोडून बांधावर टाकलंत तर त्याच कोषांतून पुढची पिढी उडेल.

आता बादली. तुमच्या सापळ्यात खाद्य नव्हतं, ही सगळ्यात मोठी चूक. नुसता ल्यूर भुंग्याला जवळ आणतो. आंबलेल्या खाद्याचा वास सोबत असला की पकड कितीतरी वाढते. पाव किलो चिरलेला ऊस किंवा खजूर, चिमूटभर यीस्ट, दोनेक लिटर पाणी आणि धुण्याच्या साबणाचे चार थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, भुंगा तरंगत न राहता बुडतो. खाद्य आठ-दहा दिवसांनी बदला. पाणी आटलं की सापळा मेला. उन्हाळ्यात नेमकं हेच होतं.

बादली दहा लिटरची, झाकणाची. काठाखाली पाचेक सेंटिमीटरच्या चार खिडक्या. ल्यूर झाकणाला आतून टांगा, पाण्यात सोडू नका. बाहेरून गोणपाट गुंडाळा, कारण हा भुंगा सापळ्यावर किंवा शेजारी उतरतो आणि चालत वर चढतो. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय टिकत नाहीत. आतली बाजू मात्र गुळगुळीतच हवी, नाहीतर चढून परत बाहेर.

जागा : झाडाला बांधू नका. बागेच्या कडेला, सावलीत, नारळापासून चार हात नव्हे, चांगलं अंतर राखून खुंटावर कमरेएवढ्या उंचीवर. कोवळ्या बागेच्या बाजूला तर नकोच, पाच ते वीस वर्षांचं झाड त्याला जास्त आवडतं. प्रमाण साधारण हेक्टरी एक. एकरात सहा म्हणजे जत्रा.

अशा सापळ्याला ‘कामगंध सापळा’ म्हणतात, पण तो शब्द इथे थोडा फसवा आहे. पतंगांच्या सापळ्यात मादीच्या वासाने फक्त नर येतात. इथे वास नराचा (मुख्यतः ४-मिथाइल-५-नोनॅनॉल), आणि नर-मादी दोघंही येतात, बहुधा माद्या जास्त. एक मादी शे-दोनशे किंवा त्याहून जास्त अंडी घालते, म्हणून बादलीतली प्रत्येक मादी मोलाची.

सापळे नीट असूनही जखमी खोड बागेत असेल तर मादी तिकडेच वळते. हिरवी झावळी तोडायचीच झाली तर देठाचा मीटरभर भाग खोडाला ठेवून तोडा. गेंड्या भुंग्याने (नारळावरची दुसरी कीड) पाडलेली भोकंही तिला अंडी घालायला आयतीच मिळतात. त्याचा बंदोबस्त वेगळा : ल्यूर वेगळा, आणि सापळ्यावर एकमेकांना छेदणारी उभी पाती, कारण तो रात्री उडत येऊन आपटतो आणि खाली पडतो. शेणखताच्या खड्ड्यातल्या त्याच्या अळ्या वेचल्याशिवाय तोही आटोक्यात येत नाही.

सहापैकी एकच सापळा ठेवा. बाकीच्या पाच सापळ्यांतले ल्यूर काढून हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पहिल्याचा वास संपला की पुढचा काढा.